सायकल चरात अडकून हात मोडला. भरपाई कुणाकडे मागायची?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. वडील ६१ वर्षांचे, रोज पहाटे सायकल चालवतात. नऊ आठवड्यांपूर्वी उजाडायच्या आधी, केबलसाठी खोदलेल्या आणि अर्धवट बुजवलेल्या चरात त्यांचं पुढचं चाक गेलं आणि ते उजव्या हातावर पडले. मनगट मोडलं, प्लेट बसवावी लागली, कॉलर बोनही फ्रॅक्चर झालं. हॉस्पिटलचं बिल १ लाख ८० हजार झालं, त्यातलं बरंचसं मेडिक्लेममधून मिळालं. निवृत्तीनंतर ते दोन-तीन दुकानांचे हिशेब लिहून देतात, ते काम सध्या बंद आहे. पोलिसांत कुणी गेलं नाही. केसपेपरवर ‘सायकलवरून पडून दुखापत’ एवढंच लिहिलंय. आता त्या चरावर डांबर पडलंय आणि क्षेत्रीय कार्यालयात ‘ते काम कंपनीचं आहे, आमचा संबंध नाही’ असं सांगून तुम्हाला परत पाठवलं. तर भरपाई मिळेल का, आणि मागायची कुठे?

मी जिल्हा न्यायालयात दिवाणी आणि अपघात-भरपाईचे दावे चालवते. रस्त्याच्या दुरवस्थेमुळे पडलेल्या सायकलस्वारांची आणि दुचाकीस्वारांची कामं माझ्याकडे येत असतात, त्या अनुभवावरून सांगते. तुमची कागदपत्रं मी पाहिलेली नाहीत, त्यामुळे पुढचं काही ठिकाणी ‘अमुक असेल तर’ अशा भाषेत येईल. ते टाळता येणार नाही.

हक्क आहे का, याबद्दल मनात शंका ठेवू नका. हक्क आहे. चांगले, सुरक्षित रस्ते मिळणं हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, हे मुंबई उच्च न्यायालयाने १२ एप्रिल २०१८ च्या निकालात स्पष्ट म्हटलंय. रस्ते बांधणं आणि दुरुस्त ठेवणं हे महापालिकेचं बंधनकारक कर्तव्य आहे, ऐच्छिक नाही. अडचण वेगळीच आहे. त्या दिवशी, त्या जागी तो चर होता. वडील त्याच्यामुळेच पडले. आणि तो नीट बुजवणं कुणाचं काम होतं, या तीन गोष्टी कागदावर जोडता येतात का? माझ्याकडे आलेली प्रकरणं कायदा अपुरा पडला म्हणून फारशी अडलेली नाहीत. या तिन्हींपैकी एक सांधा निखळलेला असतो, नाहीतर मुदत निघून गेलेली असते. म्हणून आधी मुदतीचं सांगते.

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम १९४९ च्या कलम ४८७ प्रमाणे महापालिकेविरुद्ध दावा लावण्याआधी एक महिन्याची लेखी नोटीस द्यावी लागते आणि दावा त्याचं कारण, म्हणजे इथे अपघात, घडल्यापासून सहा महिन्यांच्या आत दाखल करावा लागतो. मुंबईला वेगळा कायदा आहे, १८८८ चा. त्याच्या कलम ५२७ मध्येही हेच आहे. रस्ता सार्वजनिक बांधकाम विभागाचा, म्हणजे सरकारचा निघाला तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस लागते. नोटिशीचा काळ मुदतीतून वजा होतो, अमुक प्रकारच्या निष्काळजीपणाला ही सहा महिन्यांची अट लागूच होत नाही, असे युक्तिवाद वकील करतात आणि काही वेळा ते मान्यही होतात. पण आपली मुदत अशा युक्तिवादावर टांगून ठेवू नये. तुमचे नऊ आठवडे गेलेत. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत नोटीस गेली पाहिजे, तिथे चालढकल नको.

आता कुठे जाऊ नये ते. अपघात म्हटलं की लोक मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाचा, म्हणजे एमएसीटीचा रस्ता धरतात. ते न्यायाधिकरण मोटार वाहनाच्या वापरातून झालेल्या अपघातांसाठी आहे. सायकल हे मोटार वाहन नाही. वडील एकटेच पडले, कुठल्या गाडीचा संबंध आला नाही, तर तिथे तुमचा अर्ज उभाच राहणार नाही. बॅटरीवर चालणारी कमी ताकदीची सायकल असती, २५० वॉटच्या आतली आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाची, तरी उत्तर हेच असतं. मात्र एक नीट आठवून बघा. चर चुकवताना मागून गाडी घासून गेली का? रिक्षाचा, टेम्पोचा धक्का लागला का? तसं असेल तर न्यायाधिकरणाचं दार उघडतं आणि गाडीच्या विमा कंपनीकडे मागणी करता येते. गाडी पळून गेली असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १६१ च्या योजनेत गंभीर दुखापतीला ५० हजार आणि मृत्यूला २ लाख मिळतात. पण जे घडलं नाही ते घडलं असं कधीही सांगू नका. उलटतपासणीत असा एक धागा सुटला की खरी असलेली बाकीची हकीकतही संशयात जाते.

ग्राहक आयोगाचंही तसंच. कर भरतो म्हणून आपण महापालिकेचे ‘ग्राहक’ होतो, हा युक्तिवाद रस्त्याच्या बाबतीत टिकवणं अवघड आहे. त्यात वेळ घालवू नका.

आणखी एक कलम लोक मला दाखवतात, मोटार वाहन कायद्याचं १९८-अ. रस्त्याचं डिझाइन, बांधकाम किंवा देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे नसल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर जबाबदार यंत्रणेला किंवा कंत्राटदाराला एक लाखापर्यंत दंड, असं ते आहे. दंड सरकारी निधीत जातो, जखमी माणसाच्या हातात पडत नाही. नोटिशीत उल्लेख जरूर करा, पण पैशासाठी त्याच्यावर विसंबू नका.

मग जायचं कुठे? दोन ठिकाणी, आणि दोन्हीकडे एकाच वेळी.

पहिलं ठिकाण तुलनेने नवं आहे आणि बऱ्याच जणांना अजून माहीत नाही. २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचेच एक न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी खड्ड्यांबद्दल मुख्य न्यायमूर्तींना पत्र लिहिलं आणि त्यावरून न्यायालयाने स्वतःहून जनहित याचिका दाखल करून घेतली. वर सांगितलेला २०१८ चा निकाल तिच्यातलाच. त्यानंतरही रस्ते तसेच राहिले, म्हणून १३ ऑक्टोबर २०२५ रोजी न्यायमूर्ती रेवती मोहिते डेरे आणि न्यायमूर्ती संदेश पाटील यांच्या खंडपीठाने भरपाईचाच आदेश दिला. खड्डा किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख रुपये, जखमींना दुखापतीच्या स्वरूपाप्रमाणे ५० हजार ते अडीच लाख रुपये. रक्कम ठरवायला समिती: महापालिकेच्या हद्दीत आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव, नगरपालिकेत मुख्याधिकारी आणि तेच सचिव. इतर यंत्रणांच्या रस्त्यांसाठी त्या त्या यंत्रणेचे प्रमुख अधिकारी. माहिती मिळाल्यापासून सात दिवसांत समितीने बसायचं, मागणी आल्यापासून सहा ते आठ आठवड्यांत पैसे द्यायचे, उशीर झाला तर मागणीच्या तारखेपासून ९ टक्के व्याज. पैसे आधी यंत्रणेने द्यायचे आणि मग दोषी अधिकारी किंवा कंत्राटदाराकडून वसूल करायचे. हे शेवटचं वाक्य तुमच्यासाठी फार मोलाचं आहे. ‘काम कंपनीचं आहे’ हे उत्तर तुम्हाला परत पाठवायला पुरेसं नाही. कंपनीकडून वसुली करणं हे त्यांचं काम, तुमचं नव्हे.

अर्जासाठी वकील लागत नाही. साध्या कागदावर अर्ज करा, एक प्रत आयुक्तांच्या नावे आणि एक जिल्हा न्यायालयाच्या आवारात असलेल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांच्या नावे. दोन्ही ठिकाणी बारनिशीत, म्हणजे आवक-जावक विभागात देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. अर्ज कुणाच्या हातात ‘देऊन आलो’ याला काही किंमत नाही, पोच हवी. प्राधिकरणाकडे दिलेल्या प्रतीला मी जास्त महत्त्व देते, कारण ते सचिव न्यायिक अधिकारी असतात आणि त्यांच्याकडे आलेला अर्ज सहजी फायलीत दबून राहत नाही.

एक गोष्ट परिस्थितीवर अवलंबून आहे. आदेशात शब्द खड्डा आणि मॅनहोल असे आहेत. तुमचं प्रकरण बुजवलेल्या आणि मग खचलेल्या चराचं आहे. माझ्या मते नीट न बुजवलेला चर हा लांबट खड्डाच, आणि अर्जात तसंच मांडावं: ‘खोदकामानंतर योग्य रीतीने न बुजवल्यामुळे रस्त्यात पडलेला इतका लांब, इतका खोल खड्डा’. तुमच्या समितीने ते मानलं नाही तर? म्हणूनच दुसरा मार्ग उघडा ठेवायचा. समितीची रक्कम मिळाली म्हणून कायद्यातले इतर उपाय बंद होत नाहीत.

दुसरा मार्ग म्हणजे वर सांगितलेली कलम ४८७ ची नोटीस आणि नंतर गरज पडली तर दिवाणी न्यायालयात नुकसानभरपाईचा दावा. इथे मात्र निष्काळजीपणा सिद्ध करावा लागतो आणि सगळी मदार पुराव्यावर आहे. त्यामुळे पुराव्याबद्दल जरा सविस्तर लिहिते.

रस्ता दुरुस्त झाला, आता पुरावा कुठून आणायचा, ही तुमची मोठी चिंता दिसते. मला ती तितकीशी वाटत नाही. डांबर टाकलं म्हणजे कुणीतरी ते टाकण्याचा आदेश दिला, कुणीतरी मोजलं आणि कुणीतरी बिल काढलं. महापालिकेच्या किंवा बांधकाम विभागाच्या कामाची मोजमाप पुस्तिका असते, अभियंते तिला ‘एमबी’ म्हणतात. तिच्यात दुरुस्तीच्या प्रत्येक तुकड्याची लांबी, रुंदी आणि खोली लिहिलेली असते, जागेच्या वर्णनासह, आणि खाली कनिष्ठ अभियंत्याची सही. अशी एक ओळ डोळ्यांसमोर आणा: अमुक चौक ते अमुक सोसायटी, डावी बाजू, १४ मीटर × ०.४५ × ०.०८. शेवटचा आकडा खोलीचा, आठ सेंटिमीटर. ही खोली तुम्ही सांगत नाही, त्यांचाच अभियंता सही करून सांगतोय. अडीच-तीन सेंटिमीटर रुंदीच्या टायरला आठ सेंटिमीटरची कड काय करते, हे न्यायाधीशांना वेगळं समजावावं लागत नाही. दुरुस्तीच्या तारखेवरून पडण्याच्या दिवशी चर उघडा होता हेही दिसतं. चर कंपनीने स्वतःच बुजवला असेल तर कदाचित महापालिकेची एमबी नसेल, पण खोदाईची परवानगी आणि काम पूर्ण झाल्याचा अहवाल असायला हवा.

हे सगळं माहिती अधिकारात मागा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून पथ विभागाच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे अर्ज द्या, ३० दिवसांत उत्तर यायला हवं. ‘रस्त्याची सर्व माहिती द्यावी’ असं मोघम लिहिलंत तर उत्तरही मोघम येईल. नेमकं मागा: या रस्त्याच्या या टप्प्यावर गेल्या सहा महिन्यांत दिलेल्या खोदाई परवान्यांच्या प्रती आणि त्यातल्या अटी, रस्ता पूर्ववत करण्यासाठी भरून घेतलेली रक्कम आणि ते काम कुणी करायचं होतं ते, दुरुस्तीचा कार्यादेश आणि मोजमाप पुस्तिकेची संबंधित पानं, रस्त्याचा दोष दायित्व कालावधी (कंत्राटदाराने स्वखर्चाने दुरुस्ती करून द्यायची मुदत) आणि कंत्राटदाराचं नाव, आणि या टप्प्याबद्दल आलेल्या नागरिकांच्या तक्रारींची नोंद. मूळ कागद पाहण्याचीही मागणी करा. समोर फाइल उघडली की प्रतींमध्ये न आलेली पानंही दिसतात.

तक्रारींची नोंद शेवटी लिहिली, पण वजन तिचंच सर्वांत जास्त. ‘आम्हाला खड्ड्याची कल्पना नव्हती’ हा ठरलेला बचाव असतो. एका प्रकरणात एका बाईंच्या सायकलचं चाक पावसाळी गटाराच्या जाळीत अडकलं होतं. जाळीच्या फटी रस्त्याला आडव्या असायला हव्यात. त्या दुरुस्तीनंतर उचलून उभ्या, चाकाच्या दिशेने बसवल्या होत्या. लेखी जबाबात कार्यालयाने हेच म्हटलं की आधी कुणाची तक्रार नव्हती. समोरच्या किराणा दुकानदाराने मात्र पंधरवड्यापूर्वीच अर्ज दिला होता आणि त्याची शिक्का मारलेली प्रत दुकानात बिलांच्या गठ्ठ्यात सापडली. त्या एका कागदाने तडजोडीची बोलणी सुरू झाली. तुम्हीही त्या टप्प्यावरच्या दुकानदारांना, सोसायटीच्या सचिवांना, वॉचमनला, दूधवाल्याला भेटा. कुणीतरी कधीतरी तक्रार केलेली असते, ॲपवर फोटो टाकलेला असतो, सोसायटीच्या ग्रुपवर ‘इथे जपून’ असा मेसेज असतो. तो मेसेज, तारीख-वेळेसह, तसाच जपून ठेवा. स्क्रीनशॉट काढून मूळ मेसेज पुसू नका. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र द्यावं लागतं आणि त्यासाठी मूळ फोन हाताशी असलेला बरा.

दुकानांचे कॅमेरे: जुनं चित्रण काही दिवसांत आपोआप पुसलं जातं, त्यामुळे नऊ आठवड्यांनी फार आशा नाही, पण विचारून बघा. वडील घड्याळ किंवा फोनवर सायकलिंगचं ॲप वापरत असतील तर त्या दिवसाची नोंद ताबडतोब उतरवून घ्या. वेग एकदम शून्यावर आला ती वेळ आणि जागा तिच्यात असते. आणि सायकल. कृपा करून फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा चिमटा, अजून बदलला नसेल तर बदलू नका. फोर्क कसा वाकलाय, रिमला कुठे पोचा पडलाय, टायरच्या बाजूला कडेने घासल्याचा ओरखडा आहे का, हे शेजारी टेप धरून वेगवेगळ्या बाजूंनी टिपा. दुरुस्ती झालीच असेल तर जुना भाग सायकलवाल्याकडून परत मागा आणि बिलावर काय बदललं ते लिहून घ्या.

केसपेपरचं काय? ‘सायकलवरून पडून’ हे खोटं नाही, अपुरं आहे. हॉस्पिटलला लेखी विनंती करा की दाखल करताना रुग्णाने सांगितलेलं अपघाताचं कारण नोंदीत असेल तर त्याची प्रत द्यावी. परिचारिकांच्या नोंदीत किंवा भूल देण्यापूर्वीच्या तपासणीत कधी कधी ‘खड्ड्यात पडून’ असं लिहिलेलं सापडतं. मूळ कागदावर खाडाखोड करून कारण घालून घेण्याच्या फंदात मात्र पडू नका. त्याने सगळं प्रकरण बुडेल. मेडिक्लेमचा फॉर्मही बघा. त्यात अपघात कसा झाला हे तेव्हाच, भरपाईचा विचारही नसताना, तुम्ही लिहून दिलंय. तिथे चराचा उल्लेख असेल तर तो चांगला पुरावा आहे, आणि नसेल तरी समोरचे वकील तो कागद काढणारच, त्यामुळे आधी आपण वाचलेला बरा.

पोलिसांचं राहिलं. नऊ आठवड्यांनी गेलात तर ‘आपोआप पडलात, गुन्हा कसला?’ असं ऐकायला मिळण्याची तयारी ठेवा. भारतीय न्याय संहितेप्रमाणे हाड मोडणं ही गंभीर दुखापत आहे आणि दुसऱ्याच्या निष्काळजीपणाने ती झाली तर कलम १२५ लागू शकतं. लेखी तक्रार द्या, पोच घ्या. उशीर का झाला ते त्यातच सरळ लिहा: शस्त्रक्रिया, प्लास्टर, घरात दुसरं धावपळ करणारं कुणी नव्हतं, जे खरं असेल ते. घेतली नाही तर तीच तक्रार पोलीस उपायुक्तांना किंवा अधीक्षकांना स्पीड पोस्टाने पाठवा. तुम्हाला कुणाला तुरुंगात घालायचं नाही, हे मला कळतं. पण पोलिसांकडची नोंद समितीपुढे उपयोगी पडते; उच्च न्यायालयाच्या आदेशाप्रमाणे पोलीस ठाण्याच्या प्रमुखाने अशा अपघाताची माहिती ४८ तासांत समितीला कळवायची आहे. सही करण्यापूर्वी जबाब मात्र शब्द न् शब्द वाचा. ‘माझा तोल जाऊन’ असं वाक्य सवयीने लिहिलं जातं, आणि मग तेच तुमच्याविरुद्ध वाचून दाखवलं जातं.

रस्ता नक्की कुणाचा, हे नोटिशीआधी पक्कं करा. शहरातला रस्ता म्हणजे महापालिकेचा, असं नेहमी नसतं. राज्यमार्ग शहरातून जात असेल तर बांधकाम विभाग, बायपास असेल तर राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण, मेट्रोच्या खांबांखालचा पट्टा काम चालू असेपर्यंत आणखी कुणाच्या ताब्यात, लष्करी भागात कॅन्टोन्मेंट बोर्ड. माहिती अधिकाराच्या उत्तराची वाट बघत मुदत घालवू नका. शंका असेल तर सगळ्यांना नोटीस द्या, केबल कंपनीलाही. जबाबदारी आपसात कशी वाटायची ते त्यांनी न्यायालयात सांगावं. एकाला सोडलं तर उरलेले सगळे त्याच्याकडेच बोट दाखवतात.

दाव्यात समोरून काय येईल? एक म्हणजे ‘तुमचीही चूक होती’. अंधार होता, दिवा नव्हता, हेल्मेट नव्हतं, वेग जास्त होता. सायकलस्वाराला हेल्मेट कायद्याने सक्तीचं नाही, आणि मनगटाच्या फ्रॅक्चरचा हेल्मेटशी संबंधही नाही. दिव्याचा मुद्दा खरा आहे. वडिलांच्या सायकलला पुढे दिवा होता का, त्या पट्ट्यात रस्त्यावरचे दिवे चालू होते का, हे आत्ताच लिहून ठेवा. दिवा नसेल तर तसं सांगा. न्यायालय फार तर त्या प्रमाणात रक्कम कमी करतं, सगळा दावा त्यामुळे जात नाही. दुसरीकडे, खोदकामाच्या जागी बॅरिकेड, रिफ्लेक्टर, इशाऱ्याचा फलक आणि दिवा हवा, हे इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी एसपी ५५ या मार्गदर्शिकेत सविस्तर आहे. परवान्याच्या अटींमध्येही हे बहुधा सापडेल. तिथे साधी लाल-पांढरी फीतही नव्हती, हे सांगणारे दोन साक्षीदार मिळाले तर अंधाराचा मुद्दा त्यांच्यावरच उलटतो.

न्यायालयं याकडे कसं बघतात, तर दोन्ही टोकांची उदाहरणं आहेत आणि ती दोन्ही तुम्हाला माहीत असावीत. दिल्लीच्या चांदणी चौकातला घंटाघराचा मनोरा कोसळून माणसं गेली, तेव्हा १९६६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की देखभाल ज्याच्याकडे होती त्यानेच खुलासा द्यायचा. घटनाच निष्काळजीपणा सांगते. उलट राजकोटमध्ये रस्त्याकडेचं झाड अंगावर पडून गेलेल्या माणसाच्या प्रकरणात १९९७ मध्ये त्याच न्यायालयाने महापालिकेला जबाबदार धरलं नाही. तुमचा चर झाडासारखा नैसर्गिक नाही. तो माणसांनी, परवाना घेऊन खोदला आणि तसाच सोडला. नोटिशीत हा फरक ठळक यायला हवा.

पैशाचा अंदाज विचारलात. समितीकडून कमाल अडीच लाख, प्लेट बसवलेल्या मनगटाला त्यातले किती ते दुखापतीच्या कागदांवर ठरेल. दाव्यात वैद्यकीय खर्च, बुडालेली कमाई, मदतनीसाचा आणि रिक्षाचा खर्च, सायकलची दुरुस्ती, वेदना, आणि मनगटात कायमची कमजोरी राहिली तर तिचं वेगळं, असं सगळं मागता येतं. कमजोरीसाठी हाड पूर्ण जुळल्यावर सरकारी रुग्णालयाचं अपंगत्व प्रमाणपत्र घ्या. प्लास्टर नुकतं निघालेलं असताना घाई करू नका. कमाईला पगारपत्रक नाही म्हणून सोडून देऊ नका. दुकानदारांची पत्रं, बँकेतल्या किंवा यूपीआयच्या नोंदी, वडिलांच्या हस्ताक्षरातल्या मागच्या वर्षीच्या वह्या, हे सगळं चालतं. मेडिक्लेमचे पैसे वजा होतील का? मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मोटार अपघातांपुरतं सांगितलं की स्वतः हप्ते भरून घेतलेल्या मेडिक्लेमची रक्कम भरपाईतून कापायची नाही. तुमचं प्रकरण मोटार अपघाताचं नाही, पण तर्क तोच लागू पडावा असं मला वाटतं आणि मी पूर्ण बिलाची मागणी करेन, मेडिक्लेमची रक्कम लपवल्याशिवाय.

दिवाणी दावा वर्षानुवर्षं चालू शकतो आणि रकमेप्रमाणे कोर्ट फी भरावी लागते. म्हणून माझा सल्ला असा: समितीकडे अर्ज आणि कलम ४८७ ची नोटीस या आठवड्यात एकत्र तयार करा. समितीचा निर्णय सहा महिन्यांच्या आत आला आणि रक्कम पटली तर दाव्याची गरज उरणार नाही. आला नाही तर मुदत संपण्याआधी दावा दाखल करून ठेवा. तडजोड नंतरही करता येते. कौटुंबिक उत्पन्न कमी असेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. त्यांचा हेल्पलाइन क्रमांक १५१०० आहे. वडिलांच्या बँक खात्यातून वर्षाला २० रुपये कापले जाणारा पंतप्रधान सुरक्षा विमा आहे का, तेही पासबुकात बघा. तो साध्या फ्रॅक्चरला पैसे देत नाही, पण हात कायमचा निकामी झाला तर लागू होतो आणि त्याला गाडीचा संबंध असावा लागत नाही.

तुम्ही लिहिलंय की वडील म्हणतात, ‘हात जुळतोय ना, कशाला भांडायचं.’ त्यांच्यावर दबाव आणू नका. जबाब त्यांना द्यायचा आहे, मनापासून दिला तरच तो टिकतो. पण त्यांना हे जरूर सांगा की २०१३ ते २०१७ या पाच वर्षांत देशात खड्ड्यांमुळे १४,९२६ माणसं गेली, हा आकडा सर्वोच्च न्यायालयासमोर आला होता आणि न्यायालयाने तो भयावह म्हटला होता. जे वाचले त्यांच्यापैकी मागायला गेलेले फार थोडे, म्हणून चर तसेच सोडून जाणं स्वस्त पडतं.

अपघाताची नेमकी तारीख, रस्त्याचा टप्पा कुठून कुठे, आणि त्या पट्ट्यात मेट्रोचं किंवा महामार्गाचं काही काम चालू होतं का, एवढं इथे लिहा. नाव-पत्ता टाकू नका. त्यावरून नोटीस कुणाकुणाला द्यायची ते सांगता येईल.